विहिरीवर धरलेला नवरदेव

आमच्या खालापूरच्या बाजूला साखरपुडा झाला की लग्नापर्यंत नवरानवरीनं एकमेकांशी बोलायचं नाही. मग बासष्ट साली दहिवलीची माणसं नवरीच्या, जयवंताच्या, घरी लग्नाची तारीख धरायला आली, तेव्हा नवरदेव पोपटनं काय करावं? तोंडाला मुंडासं गुंडाळलं, गाडीवान होऊन आला आणि बैल सोडून थेट विहिरीवर गेला. जयवंता पाणी भरत होती. दोघं एकाच कळशीतून पाणी पिताना तिच्या मामानं, कोंडीरामनं, पाहिलं.

"कोन रं तू?"

"गाडीवान, मामा."

"गाडीवानाला पोरीचं उष्टं पानी गोड लागतंय व्हय?"

मामानं मुंडासं ओढलं आणि अशी कानफटात दिली की पोपटचा दात उडून नेरळच्या फलाटावर कुणाच्या तरी भज्यांत पडला. खाणारा अजून शिव्या घालतो म्हणे.

दहिवलीकर काठ्या घेऊन धावले. आमचेही उठले. काठ्या मोडल्यावर बैलगाड्यांची जुवं उपसली. त्यांच्या सहदेवचा हात कोपरातून उलटा फिरला. आमच्या रामभाऊचा कान फाटून लोंबत राहिला. बैल भिऊन घाट चढले ते खंडाळ्याला थांबले. विहिरीत एवढं रक्त गेलं, की वर्षभर आमच्याकडं पांढरा तांदूळ तांबडा शिजत होता.

"सोयरीक मोडली!" कोंडीराम गरजला. "आन् ह्याला जित्ता सोडीत नाय!"

मोडलेल्या सोयरिकीची पोर कुणी करत नाही, हे जयवंताला ठाऊक होतं. खाली पोपट डोकं फुटून पडलेला. त्याची आई ठकूबाई जखमेत मुठीनं हळद दाबत होती. वर मामाचं जू उगारलेलं.

जयवंता मध्ये घुसली. पोपटच्या कपाळावरची रक्तानं चिकट झालेली हळद तिनं खरवडली आणि दोन्ही गालांना फासली.

"उष्टी हळद लागली मला! हळदीच्या नवऱ्याला मारतोस, मामा? मार!"

नवऱ्याची उरलेली हळद नवरीच्या अंगाला लागली की सोयरीक मोडत नाही, आणि हळदीच्या अंगावर कुणी हात टाकत नाही. आमच्या गावची गंगाबाईसारखी खाष्ट म्हातारीसुद्धा म्हणाली, "लागली बाय, लागली."

उगारलेलं जू मामाला खाली आणता येईना. शेवटी ते हातातून निसटून त्याच्याच पायावर पडलं.

"आता लंगडत उभे ऱ्हा पोरीमागं," ठकूबाई म्हणाली.

दुपारीच लग्न लागलं. पुरुषांत धड हात कमी होते, म्हणून अक्षता दोन्हीकडून बायकांनीच टाकल्या.