बबिताच्या पदराआडचा चहा

नारायणगडाची शपथ, कुलदेवीची शपथ, आन् तरीबी पटत नसंन तर माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ! ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. कोणी मधीच "आज्जी, कायबी बोलायलीस!" म्हणलं तर त्यानं आताच उठून जावं, मला चालतंय.

तर दिंद्रुडच्या अलीकडं जे गाव हाय, तिथं सरपंचाची जागा बाईला सुटली. मोहनरावानं लगेच आपल्या बायकूचा, गीताबाईचा फॉर्म भरून टाकला. त्याच्यासमोर कोण उभं राहणार? ट्रॅक्टर त्याचा, जीप त्याची, भोंगा त्याचा. आन् मनात काय, तर गावाच्या गायरानावर मंगल कार्यालय बांधायचं. कमान, कारंजं, नवरा-नवरीला बसायला सिंहासन, सगळं त्यानं मोबाईलवर काढून ठेवलतं.

गायरानात चरत होती मुंजाजीची शेरडं. मुंजाजीची म्हणजे नावाला. राखायची बबिता, त्याची बायकू. कोणती शेळी कोणाची लेक, कोणती कोणावर रुसली, सगळं तिला ठावं. तिनं कार्यालयाचं ऐकलं आन् घरी येऊन म्हणली, "मी उभी राहते."

मुंजाजी भाकर खात होता. घास घशातच अडकला. "कुठं उभी राहतीस?"

"सरपंचाला. गायरान गेलं तर शेरडं काय मोहनआण्णाच्या बुफेत चरायची?"

सासू तुळजाबाई चुलीपाशी बसलती. ती म्हणली, "उभी राहशील गं. पर चहाचं काय?"

आता इथंच सगळं अडलं. कावून? तर आपल्याकडं मत मागायला जाणं म्हणजे चहा प्यायला जाणं. भाषण कोणी ऐकत न्हाई. ज्याच्या घरी तुमी बशीभर चहा पिलात, तो तुमचा. जिथं कप तसाच ठेवून उठलात, तिथं तुमी उठलातच. आन् बबिताला चहा बिलकुल सोसत नव्हता. लग्न होऊन आली त्या दिवशी बायांनी बळंच पाजलता, तो तिनं मुंजाजीच्या नव्या सदऱ्यावर परत केलता. तवापासून त्या घरात तिच्यासमोर कोणी चहाचं नावबी काढत नव्हतं.

"नाव काढायला तर शिकावंच लागंन," तुळजाबाई म्हणली. "चल, बस. समज, मी आसारामची बायकू. तू माझ्या दारात आलीस. या या, बबिता! चहा घेतीस ना? हां, बोल आता. चहाचं वाक्य कर."

"मी चहा पीत न्हाई."

"गेलं! आसारामचं घर गेलं. त्यान्ला वाटंन, मोहनरावाकडं पिऊन आली, आमच्या घरचा गोड लागंना."

"मंग म्हणते, चहा आत्ताच झाला."

"कोणाकडं झाला, ते इचारतील. एकाचं नाव घेतलं की दुसरा रुसला. फिरून बोल."

"चहा राहू द्या."

"राहू द्या म्हणलीस की दूध वाढवून टाकतात. त्याला कोणी नको समजतच न्हाई."

बबिता रडकुंडीला आली. "मंग म्हणू तरी काय, आत्याबाई?"

तुळजाबाईनं पदर सावरला, डोळे मोठे केले आन् असं काही बोलली की चुलीतला जाळबी हालला. "चहा? तुमच्या हातचा? अगं, त्याच्याचसाठी तर आले!"

"आन् मंग प्यायचा कोणी?"

"ते मला काय इचारतीस? वाक्य बरोबर आलं का न्हाई?"

झालं. दुसऱ्या दिवशी बबिता निघाली. काखेत चिंगी. चिंगी म्हणजे करडू. तिच्या आईनं तिला पाजायचंच सोडलतं, म्हणून बबिता बाटलीनं पाजायची, आन् जाईल तिथं काखेत मारून न्यायची. त्या करडाला तोंडापाशी आलेलं काहीबी ओढायची सवय. बोट म्हणू नका, बटण म्हणू नका, मुंजाजीची तर एकदा मिशी ओढलती.

आसारामच्या ओसरीवर बबिता बसली. आसाराम म्हणजे गावातलं जुनं खोड, हाडाचा चहाबाज. त्याच्या बायकूनं इचारलं, "चहा टाकू ना?"

"चहा? तुमच्या हातचा? अगं, त्याच्याचसाठी तर आले!" बबिता म्हणली. वाक्य फक्कड आलं. पर चहाबी आला.

बशी हातात. वास नाकात. आसाराम समोर टक लावून बसलेला. बबितानं लाजल्यावाणी केलं, पदर तोंडावर ओढला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं... आन् पदराआडून आवाज आला, सुर्रर्र!

डोळे उघडून बघती तर चिंगीचं तोंड बशीत. बघता बघता बशी कोरडी. वरून चाटून लख्ख.

"वा रं वा!" आसाराम मांडीवर थाप मारून ओरडला. "बाई असावी तर अशी! गीताबाई आलती काल, व्हट बुडवले आन् उठली. हिनं बशी धुवायचं कामबी ठेवलं न्हाई. घाला गं अजून!"

"लई फक्कड झालाय," बबिता म्हणली. चिंगीनं दुसरीबी बशी संपवली.

मंग काय! पाटलाची गल्ली, वडाराची गल्ली, मळ्यातल्या वस्त्या, जिथं जाईल तिथं तेच. पदर ओढायचा, सुर्रर्र करायचं, कोरडी बशी परत द्यायची. गावात बोलबाला झाला की मुंजाजीच्या बायकूवाणी चहाची कदर कोणालाच न्हाई. बाया चिमटीनं पत्ती टाकायच्या, त्या मुठीनं टाकायला लागल्या.

इकडं चिंगीची झोप उडाली. रात म्हणू नका, दिस म्हणू नका, करडू पत्र्यावर. पत्र्यावरून ट्रॅक्टरवर, ट्रॅक्टरवरून पाण्याच्या टाकीवर. टाकीवर उभं राहून ते दिंद्रुडचा बाजार बघायचं म्हणे. आन् तिच्या तोंडाचा वास बाकीच्या शेरडान्ला लागला. वास लागला तशी चटक लागली. पहाटे शेरडं लोकांच्या दारात रांगेनं उभी! चुलीवरनं कोणाचं भगुनं उतरलं की ह्यांचं तोंड आत. चहा झाल्याबिगर एक शेळी पाल्याला तोंड लावंना. आन् दुधाचं तर इचारूच नका. धार काढली तर तांबूस! मुंजाजी खूष. पत्ती घालायचं कामच न्हाई, निस्ती साखर टाकायची आन् प्यायचं. तो चहा मी सोता पिलाय. थोडा केसाळ लागतो, पर कडक.

चहा न पिणारी त्या घरात एकटी बबिताच राहिली. तिला हासूबी यायचं आन् भ्याबी वाटायचं. रोज रातच्याला अंथरुणात ती नवऱ्याला म्हणायची, "अवं, हे उघडं पडलं तर?"

"न्हाई पडत," मुंजाजी म्हणायचा. तो दूध पिऊन बसलेला, त्यालाबी झोप कुठली!

पर पडलंच. गीताबाई आसारामच्या घरी आलती. तिला जो कप दिला त्याच्या कडेला बारीक पांढरा केस. तिनं तो चिमटीत धरला, उजेडाकडं केला, नाकाशी नेला. शेरडाचा! बाई हुशार होती हो, उगं खोटं कावून बोलू. घरी जाऊन नवऱ्याला म्हणली, "ती चहा पीत न्हाई. करडू पितं. तिला सगळ्या गावासमोर कप द्या."

प्रचार संपायच्या दिवशी मोहनरावानं आपल्या वाड्यासमोर मांडव टाकला. मोठ्या डेगीत चहा चढवला. अख्ख्या गावाला आवतन, आन् भोंग्यावरनं बबिताचं नाव घेऊन खास आवतन. "बबिताताईंनी आमच्या घरचा चहा गोड करून घ्यावा. सगळ्यांसमोर, उभं राहून. पदर खांद्यावर, आन् करडू घरी."

न जावं तर भ्यायली म्हणतील. जावं तर... बबितानं चिंगीला खुंटीला बांधलं आन् गेली. पायात चपला हायेत का न्हाई, त्याचीबी तिला सुद नव्हती.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. डेग रटरटायलेली. गीताबाईनं काठोकाठ कप भरून तिच्या हातात दिला. वेलदोड्याचा घमघमाट सुटलेला.

"घ्या ना, ताई," गीताबाई गोड हासत म्हणली. "तुमाला तर लई आवडतो."

कपाची वाफ बबिताच्या तोंडावर आली. सासूनं शिकवलेली सगळी वाक्यं तिनं मनातल्या मनात म्हणून बघितली. इथं एकबी लागू पडंना. गर्दीत तुळजाबाई उभी होती, तीबी वर बघायली. शेवटी बबितानं कप खाली ठेवला.

"चहा मला सोसत न्हाई," ती म्हणली. "आजवर तुमचा चहा माझ्या करडानं पिला."

मंग आसाराम उठला. "म्हणजे माझ्या ओसरीवर बशी चाटली ती..."

"चिंगीनं, बापू."

"आन् 'लई फक्कड झालाय' म्हणलं ते?"

"ते मी. पर तिच्या वतीनं."

"काय बे मुंजा!" आसाराम मुंजाजीला हुडकायला लागला. "आमी काय जित्राबाला चहा पाजत होतो?" पर मुंजाजी शेरडं घेऊन गायरानात होता. त्याच्या वाटचं बोलणंबी बबितालाच खावं लागलं. बाया तोंडाला पदर लावून हासायल्या, बापे माना हालवायले. मोहनरावानं माईक हातात घेतला. "बघा मंडळी! जी चहाचं खरं बोलत न्हाई, ती गावाचं काय खरं बोलणार?"

बबिताच्या डोळ्यांसमोर गायरान आलं. त्यातलं कारंजं आलं. कारंज्याच्या मधी सिंहासनबी आलं.

तेवढ्यात जमीन धडधडायला लागली.

आता बघा, गायरान वाड्याच्या मागंच. वारं तिकडचंच. डेगीचा वास गेला सरळ शेरडांच्या नाकात, आन् सकाळपासून त्यान्ला चहा मिळालेला नव्हता. सगळा कळप उधळला! म्होरं बोकड, मधी शेळ्या, मागं मुंजाजी, आन् मुंजाजीच्या मागं चिंगी, खुंटी ओढत! मांडवाचा खांब गेला, खुर्च्या उलथ्या झाल्या. गीताबाई टेबलावर. डेगीत एका वक्ताला एवढी तोंडं की डेग दिसंना, निस्त्या शेपट्या! ज्यान्ला डेग मिळाली न्हाई त्यांनी लोकांच्या हातातले कप धरले. आसाराम एका शेळीबरूबर एकच बशी ओढायला लागला, ती सोडंना आन् हाबी सोडंना.

बोकडाला कप गावला न्हाई. त्यानं मोहनरावाच्या सदऱ्यावर सांडलेला चहा चाटायला घेतला. मोहनराव मागं, बोकड म्होरं. मोहनराव जीपच्या बोनेटवर चढला, बोकडबी चढला. माईक तसाच हातात, आन् चालू.

"ए बबिता! ने गं तुझी शेरडं!"

सगळा मांडव बबिताकडं बघायला लागला. शेरडं ऐकत होती ती तिचीच. तिनं जिभेनं नुसतं 'हुर्रर्र' केलं असतं तरी सगळी मागं वळली असती. पर बबितानं हाताची घडी घातली.

"कुठं नेऊ, आण्णा?"

"कुठं म्हणजे? गायरानात ने!"

"तिथं तर कार्यालय होणार हाय ना?"

बोकडानं सदऱ्याची बाही ओढली तसा मोहनराव किंचाळला, "कशाचं कार्यालय! गायरान शेरडांचंच हाय, बाई! शेरडांसाठीच हाय!"

भोंगा वाड्यावर होता. गावातच न्हाई, वस्त्यांवरबी ऐकू गेलं. आसारामनं शेळीच्या तोंडातली बशी सोडली, कानाला हात लावला आन् म्हणला, "आण्णा, गलक्यात नीट ऐकू आलं न्हाई. फिरून बोला."

"गायरान शेरडांचं हाय!"

"त्या मागच्या बायान्ला न्हाई आलं ऐकू," तुळजाबाई मागून ओरडली.

"शेरडांचं! शेरडांचं! शेरडांचं!" मोहनरावाची बाही खांद्यातून गेली.

पोरांनी मोबाईलवर धरलेलंच होतं. बबितानं एकदा सगळ्यांकडं बघितलं आन् 'हुर्रर्र' केलं. बोकड बोनेटवरून उतरला, शेळ्यांनी डेगीतून तोंडं काढली, आन् कळप तिच्या मागं असा चालला जसं काही झालंच न्हाई. चिंगी तेवढी मागं राहिली, गीताबाईच्या टेबलाखालचा कप पुसून घ्यायला.

बबिता निवडून आली. आसारामला इचारलं तर तो म्हणतो, "मी तिला मत दिलं न्हाई. मी करडाला दिलं, आता मशीनवर तिचं नाव होतं त्याला मी काय करू?" गायरानात आजबी शेरडं चरतात. मोहनराव तिकडून जाताना जीपच्या काचा वर करतो. आन् बबिताच्या घरी गेलात तर चहा मिळंन, पर सोबत ती बसणार न्हाई, आन् कप हातात घट्ट धरा.

झालं सांगून. सगळं खरं. काय बघायलात असे? बरं, शपथा लई घातल्यात, म्हणून सांगते. एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली. गीताबाईच्या चहात वेलदोडा नव्हता. त्या घरात कोणाला वेलदोडा घालतील व्हय!