अर्धा राहिलेला वाद

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी बटणं पांढरीशुभ्र होती. मला एका प्रोग्रामरने विकत घेतलं. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत. कोणत्या रुग्णाला कोणतं रक्त चालेल हे सांगणारा रक्तपेढीचा प्रोग्राम त्यांनी माझ्यावर लिहिला.

त्यांची प्रोग्रामिंगची भाषा फार अवघड होती. कंसात कंस, त्यात आणखी कंस. एक मिटायचा राहिला की संगणक हटून बसे.

त्यांची मुलगी कॉलेजात सोपी भाषा शिकली होती. ती म्हणे, "हे काय कंसांचं जंगल, बाबा! माणसानं वाचायचं तरी कसं?"

"अगं, आतून बाहेर वाच. आधी छोटा विचार, मग त्याला कवेत घेणारा मोठा."

"माझ्या भाषेत हे दोन ओळींत होतं!"

बाबांचं म्हणणं खोडून काढायचं म्हणून ती हट्टाने त्यांचीच भाषा शिकू लागली. चहा निवून जाई, आई ओरडे, पण दोघंही माघार घेत नसत. माझे ते सुखाचे दिवस होते.

मग तिला परगावी नोकरी लागली. एकदा सुट्टीत वाद फार तापला. "तुमची भाषा मेलीये, बाबा. कोणी शिकत नाही आता!"

बाबांनी मला बाजूला सरकवलं. "बरं," एवढंच म्हणाले. ती तशीच तणतणत निघून गेली.

पुढे बाबांना पक्षाघात झाला. वाचा गेली. त्यातच रक्तपेढीला प्रोग्राममध्ये बदल हवा होता आणि ती भाषा जाणणारं कोणी सापडेना. शेवटी मुलगी रजा काढून माझ्यासमोर बसली. चुकली, रडली, पुन्हा शिकली. काम झाल्यावर तिने बाबांची खुर्ची जवळ ओढली.

"कोणाला कोणतं रक्त चालेल हा नियम तुम्ही एकाच जागी लिहिलाय, म्हणून मला एकच जागा बदलावी लागली. तुमचं बरोबर होतं, बाबा. पण ही भाषा नवख्याला घाबरवते, हे मी अजूनही म्हणणार. बोला ना. भांडा ना माझ्याशी."

बाबांचे ओठ नुसतेच हलले. डावा हात कसाबसा माझ्यावर आला. पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं उमटली.

तिने ती अक्षरं एकेक करून वाचली. मग डोळे पुसत म्हणाली, "हं. हा मुद्दा मला सुचलाच नव्हता."

बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. रक्तपेढीत नवा प्रोग्राम आला. मी कपाटावरच्या खोक्यात पडून आहे. मुलगी मला बाहेर काढत नाही. तिला बघवत नसेल.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात तुमच्याशी हिरिरीने वाद घालणारं माणूस असेल, तर त्याला जपा. रागाने उठून जाऊ नका. त्याला उत्तर देता येतंय, तोवर त्याच्यासमोर बसा.