शब्दोबांनी घेतलेला अर्थ

शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार करणाऱ्या त्या गृहस्थांना घरीदारी सगळे शब्दोबा म्हणत. बायकोसुद्धा म्हणे, फक्त तिच्या तोंडी त्यात कौतुक कमी असे. ‘ब्रेक’ या एका नामावर त्यांनी अर्धं पान खर्ची घातलं होतं. मोडलेलं हाड, मधली सुट्टी, जाहिरातींसाठी थांबलेली मालिका, नटाला मिळालेली पहिली संधी, सगळं आलं होतं. गाडीचा ब्रेक वेगळा, त्याचं स्पेलिंगही वेगळं, हे तर ठळक अक्षरांत. हा शब्द आपण पार पिंजून काढला, अशी त्यांची खात्री होती.

तेवढ्यात लेकीचा मेसेज आला. ‘आम्ही दोघांनी थोडा ब्रेक घ्यायचं ठरवलंय. मी संध्याकाळी घरी येते.’

शब्दोबा खूश झाले. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं आणि लग्न झाल्यापासून त्याने ते एकही रविवार बंद ठेवलं नव्हतं. चला, मधली सुट्टी घेतली एकदाची!

“मला काही हे बरं वाटत नाही,” बायको म्हणाली. “सूर वेगळाच लागतोय.”

“अगं, नाम आहे ते. नामाला कसला सूर?”

आणि त्यांनी उत्साहाने जावयाला फोन लावला. “जावईबापू, ब्रेकचं कळलं! फार छान केलंत!”

पलीकडून दबक्या आवाजात, “तुम्हालाही तसंच वाटतं, बाबा?”

“वाटतं म्हणजे? मी तर म्हणतो, चांगला लांबलचक घ्या! आम्हाला नाही जमलं, आयुष्यभर एकमेकांच्या डोक्यावर बसलो.”

फोन कट झाला. रेंज गेली असेल, असं शब्दोबांनी ठरवलं.

संध्याकाळी लेक आली ती दोन मोठ्या बॅगा आणि सुजलेले डोळे घेऊन. “बाबा, त्याला तुम्ही लांबलचक ब्रेक घ्या म्हणालात? आमचं भांडण झालंय! काही दिवस वेगळं राहून बघायचं ठरवलं होतं. आता तो म्हणतो, तुझ्या घरच्यांनाही मी नकोच आहे.”

शब्दोबांनी कपाळावर हात मारला. अर्धं पान लिहिलं आणि नेमका घरात शिरलेला अर्थ तेवढा सुटला! बायकोने लेकीच्या बॅगा उचलून आत नेल्या.

ते तसेच निघाले आणि जावयाच्या दुकानात जाऊन धडकले. जावई एकटाच काचा पुसत होता. शब्दोबांनी वाटेत चार वाक्यं घोकली होती, ती ऐन वेळी पसार झाली.

“मी गाढव आहे,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही दोघं फिरायला चाललात.”

जावई बघतच राहिला. “फिरायला?”

“हो. मी तर तिला घालायला स्वेटरही काढून ठेवला.”

जावयाला आधी हसू फुटलं आणि मग, हसता हसताच, त्याचे डोळे भरले. “ती तेच म्हणते, बाबा. एकदा तरी कुठेतरी जाऊ या. आणि मी म्हणतो, दुकान कोण बघणार?”

“दुकान मी बघतो,” शब्दोबा बोलून गेले.

“तुम्ही? तुम्हाला जवळचा चष्मा कुठला न् लांबचा कुठला हे तरी कळतं का?”

“नाही. पण आज माझी अब्रू गेलीच आहे, आणखी काय जायचंय?”

जावयाने शटर ओढलं आणि सासऱ्याबरोबर घरी आला. लेकीने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. स्वतःच बाहेर आली. दोघं जिन्यात बसून बोलू लागली, मधूनच तिचा आवाज चढत होता. काहीच मिटलं नव्हतं, पण उठून कुणी जात नव्हतं.

आत गेलेल्या शब्दोबांनी हळूच दाराला कान लावला. बायकोने दंडाला धरून त्यांना मागे ओढलं.

“ऐकून काय करणार? समजणार आहे का तुम्हाला?”

हे मात्र त्यांना लगेच पटलं.