झाकणातली चकती

१९७८ साली नाशिकच्या कॉलेजात आमच्या बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. माझी आई चांगुणा पंचवटीच्या बाजारात गवती चहाच्या जुड्या विकायची. उरलेल्या जुड्यांचं मी प्रयोगशाळेत वाफेवर तेल काढलं. गळवाच्या जंतूंवर ते चालतं का, हा माझा प्रकल्प.

जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत मी कागदाच्या दोन चकत्या ठेवल्या, एक तेलाची, एक कोरडी. कोरडीभोवती तरी जंतू वाढायला हवेत. बशी रात्रभर उबेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघते तर अख्खी बशी स्वच्छ.

प्रयोग तपासणारे सर हसले. "झुंबर, तुझी कोरडी चकतीसुद्धा औषधी निघाली की! अगं, जंतू आधीच मेलेले होते. जर्नलमध्ये 'प्रयोग फसला' असं लिही, सही करतो. आणि जुड्या आईला परत दे, चहात घालायला."

मुलं खिदळली. सही नसली तर परीक्षेला बसता येत नव्हतं.

"फसला असं नाही लिहिणार, सर."

"मग सही नाही."

बशी धुवायला नेताना आमचे शिपाई गोटीरामकाका म्हणाले, "पोरी, ते उबेचं कपाट उघडलं की चहाची तल्लफच येते बघ."

मी जागीच थांबले. म्हणजे तेल हवेत उडून कोरड्या चकतीपर्यंत पोचत होतं!

सकाळी सरांपुढे दोन नव्या बश्या ठेवल्या. "जंतू तुम्हीच पसरा."

माझी फजिती बघायला म्हणून असेल, पण त्यांनी पसरले. एका बशीच्या झाकणात मी या वेळी कमी तेलाची चकती चिकटवली, जंतूंना कुठेही न टेकणारी. दुसरीच्या झाकणात कोरडी, आणि ती बशी बिस्किटांच्या डब्यात घट्ट बंद केली, वास शिरू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी डब्यातल्या बशीत जंतूंची दाट साय धरली होती. तेलाच्या बशीत चकतीच्या समोर स्वच्छ, रिकामा गोल.

सरांनी बशी बराच वेळ उजेडाकडे धरली. मग पेनाचं टोपण काढलं. "आण जर्नल."

मी पानावर हात ठेवला. "आधी वाचा, सर. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी वाचलं. "'या तेलाने माणूस बरा होतो असं मी म्हणत नाही.' हे कशाला?"

"ते मी पाहिलेलं नाही. पाहिलं ते मात्र खोडणार नाही."

त्यांनी सही केली आणि खाली बघतच विचारलं, "पुढच्या वर्षीच्या मुलांना जुड्या लागतील. आई बसते कुठे?"

"पुलापलीकडे. पण सर, तिच्याकडे घासाघीस चालत नाही."