तिसरा नंबर सोडताना

ऑरिन ट्वीटनला गाडी चालवताना कधी झोप लागली नाही, स्वप्नं मात्र पडत. डोळे टक्क उघडे, हात स्टिअरिंगवर, गाडी सरळ रेषेत, आणि समोरच्या मक्याच्या रानातून कुणीतरी चेंडू फेकतंय असं त्याला दिसत राही. एकतीस वर्षं हा बाबा पोर्ट हार्लनच्या फेरीमेन या अमेरिकन फुटबॉल संघासाठी पोरं हुडकत फिरला. नेब्रास्का, कॅन्सस, दोन्ही डकोटा. सहा गाड्या झिजवल्या, मोटेलातल्या गार अंड्यांवर पोट जगवलं, आणि एक बायको गमावली. देवाघरी नव्हे हो, डेन्व्हरला गेली ती, दातांच्या डॉक्टरबरोबर. आणि हे सगळं कशासाठी? तर एका क्वार्टरबॅकसाठी. ज्याच्या हातातून संघाचा सगळा खेळ सुटतो, असा एक गडी आपल्याला सापडावा, आपण त्याच्याकडे बोट दाखवावं, आणि त्याने हे गाव एकदा तरी रस्त्यावर नाचवावं. एवढंच त्याला हवं होतं. जूनमध्ये तो निवृत्त होणार होता.

आणि गडी सापडला होता.

टोबिन क्रॅल त्याचं नाव. ऑरिनने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चार वर्षांपूर्वी, नेब्रास्कातल्या एका कॉलेजच्या मैदानावर, सकाळच्या दाट धुक्यात. खरं तर पाहिलं असं म्हणणंही चूकच. मैदानाचं पलीकडचं टोक दिसतच नव्हतं. पोरगा धुक्यात चेंडू फेकायचा, चेंडू पांढऱ्यात विरघळून जायचा, आणि मग पलीकडून कुणीतरी झेलल्याचा आवाज यायचा. थप्प. थोड्या वेळाने पुन्हा थप्प. जमिनीवर पडल्याचा आवाज एकदाही नाही. ऑरिन कुंपणाला टेकून तासभर नुसता ऐकत उभा राहिला. त्या दिवशी त्याने वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

तेव्हापासून तो त्या पोराच्या वाटेवरच राहिला म्हणा ना. त्याची आई डार्ला गावात शाळेची बस चालवायची. ऑरिन तिच्या हातचं जेवला, तिच्या कोठाराचं दार दुरुस्त करून दिलं, टोबिनला मुलींशी कसं बोलावं हेही शिकवलं, म्हणजे स्वतःचा अनुभव बघता नको होतं ते. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. एव्हाना मैदान सोडून भलत्याच जागी ती थप्प त्याला ऐकू यायला लागली होती. दात घासताना, दुकानात रांगेत उभं असताना.

तर एप्रिलमधली गुरुवारची संध्याकाळ. ड्राफ्टचा दिवस. जो संघ वर्षभर सगळ्यात जास्त मार खातो, त्याला कॉलेजच्या पोरांतून आधी निवडायला मिळतं, असा या खेळाचा दयाळू नियम. फेरीमेननी सतरापैकी चौदा सामने हरून तिसरा नंबर कमावला होता.

निवडीच्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर सरोवरावर अजून लख्ख उजेड असेल, बर्फ वितळून बोटी सुटल्या असतील, पण आत नुसते दिवे, भिंतभर पोरांच्या नावांच्या पट्ट्या, दोन फोन आणि एक मोठा टीव्ही. ज्यांची नावं आज येणार त्या पोरांच्या घरोघरी कॅमेरे लावलेले. टेबलाच्या डोक्याशी मालकीणबाई, मिसेस व्हॉसलर, वय चौऱ्याऐंशी, मांडीवर संघाच्या रंगाची लोकरी शाल आणि शालीवर तळलेल्या चीजचा द्रोण. त्यांच्या उजव्या हाताला जनरल मॅनेजर प्रेस्टन गेज, वय एकेचाळीस, केस असे बसवलेले की वाऱ्याची काय टाप.

पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. टोबिनचं नाव भिंतीवर तसंच होतं.

"आला!" व्हॉसलरबाई ओरडल्या. "अरे, आला आपल्यापर्यंत! फोन लावा पोराला!"

घड्याळ दहा मिनिटांवरून उलटं धावायला लागलं. नाव जाहीर करायच्या आधी पोराला फोन करायचा आणि नावाची चिठ्ठी जाईपर्यंत त्याला लाइनवर धरून ठेवायचं, ही सगळ्याच संघांची रीत. प्रेस्टनने नंबर फिरवला आणि फोन ऑरिनच्या हातात दिला.

"घे. तूच बोल. तुझंच रत्न आहे."

"मिस्टर ट्वीटन? तुम्ही?" टोबिनचा आवाज.

"मीच रे बाबा. दुसरं कोण असणार?"

"आई रडतेय."

"रडू दे. आवाज का बसलाय तुझा?"

"दुपारपासून घरात चाळीस माणसं आहेत, सर. मामा तर तुमच्या संघाची टोपी घालूनच बसलाय."

मागून डार्लाचा आवाज आला, "त्यांना सांग, मटण काढून ठेवलंय त्यांच्या वाटणीचं!" ऑरिनला हसू आलं आणि हसताहसता डोळे भरून आले. एकतीस वर्षांत इतकं सुख त्याला कधी झालं नव्हतं, आणि ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

प्रेस्टनने उचलला, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं. "सवानाच्या संघाचा फोन. त्यांना आपला तिसरा नंबर हवाय. बदल्यात त्यांचा नववा, शिवाय चाळिसावा, शिवाय पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला. त्यांना क्वार्टरबॅक हवाय, दुसरं काय! नको म्हणून सांगतो."

ऑरिनने आपल्या फोनचं म्यूटचं बटण दाबलं. सवानाच्या, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या पुढच्या फळीत पाच गडी असे होते की त्यांच्यामागे उभं राहून माणसाने पेपर वाचावा. आणि त्यांचा क्वार्टरबॅक अडतीस वर्षांचा, अजून दोन वर्षं तरी हलणार नाही असा. नव्या पोराने दोन वर्षं त्याच्यामागे बसून फक्त बघायचं. आणि फेरीमेनची फळी? गेल्या वर्षी समोरच्यांनी तिला दारावरच्या पडद्यासारखी बाजूला केली होती.

मग त्याला डोळ्यांसमोर वेंडेल पोप दिसला, जुना क्वार्टरबॅक. असा अवचित दिसायचाच तो. नऊ वर्षांपूर्वी याच खोलीत, याच टेबलावर मूठ आपटून ऑरिनने त्याला घ्यायला लावलं होतं, दुसऱ्या नंबरवर. दोन वर्षांत त्या पोराला एकशे एकवीस वेळा आडवा पाडला. खांद्याची तीन ऑपरेशनं. फेब्रुवारीत ऑरिन त्याला भेटायला गेला होता. शाळेत इतिहास शिकवतो आता. त्याने कॉफी केली, आणि वरच्या फळीवरची साखर काढायला त्याची सात वर्षांची मुलगी स्टूल घेऊन आली, कारण बापाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. साखर किती घालू, एवढंच वेंडेलने विचारलं. परतीच्या वाटेवर चारशे मैल ऑरिनला रानात कुणीच चेंडू फेकताना दिसलं नाही.

"प्रेस्टन," तो म्हणाला, "हो म्हण."

"काय?"

"सवानाला हो म्हण. खाली सरक."

द्रोणाकडे निघालेला व्हॉसलरबाईंचा हात मधेच थांबला.

"ऑरिन, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" प्रेस्टन म्हणाला. "चार वर्षं तू माझा जीव खाल्लास. टोबिन, टोबिन, टोबिन! माझ्या बायकोला पाठ झालंय त्याचं नाव! आता ताटात पडलाय तर नको?"

"नवव्यावर फळीतला गडी मिळेल. चाळिसाव्यावर आणखी एक. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता म्हातारा झालास तू!"

"झालो ना. म्हणूनच सांगतोय. आधी भिंत बांध."

"आपण पोराला वर्षभर बाकावर बसवू की," व्हॉसलरबाई म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

"वेंडेलच्या वेळी हेच म्हणालो होतो, बाई. तिसऱ्या सामन्याला लोक त्याला मैदानात उतरवा म्हणून ओरडायला लागले आणि आपण त्याला उतरवला."

त्या ओरडणाऱ्यांत बाई स्वतः होत्या, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रेस्टन वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील? हे तू आपल्या भल्यासाठी बोलतोयस की त्या पोराच्या? तू आपला की त्याचा?"

आता इथे ऑरिनला थाप मारता आली असती. आकडे तोंडपाठ होते, खाली सरकण्याच्या बाजूने बोलायला शंभर कारणं होती आणि त्यातली बरीचशी खरीही होती. पण माणूस तसा सरळ. त्याने घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं.

"त्याचा," तो म्हणाला. "संघाचं वाईट होईल असं नाही मला वाटत. पण विचारलंस म्हणून सांगतो, त्याचा."

"ऐकलंत बाई? एकतीस वर्षं पोसला याला!"

व्हॉसलरबाईंनी द्रोण टेबलावर ठेवला आणि शाल नीट केली. "ऑरिन, इकडे बघ. पोरगा चांगला आहे की नाही?"

"मी बघितलेल्यात सगळ्यात चांगला."

"आणि पुढच्या वर्षी असा मिळेल?"

"नाही. मला वाटत नाही मिळेल."

"मी चौऱ्याऐंशीची आहे रे."

"ठाऊक आहे बाई."

ऑरिनला लाज वाटली. या बाईने त्याच्या आईच्या अंत्यविधीला सरोवराला वळसा घालून, बर्फातून गाडी आणली होती. तिच्या तोंडचा घास आपण काढून घेतोय, आणि तेही एका परक्या पोरासाठी, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी तो मागे हटला नाही. त्याला त्या क्षणी खोली धुक्याने भरल्यासारखी वाटली, भिंतीवरची नावं पुसट झाली, आणि पार पलीकडून तो आवाज येईल म्हणून तो कान देऊन उभा राहिला. पण टेबलाखालच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"वेंडेलच्या आईला मी फुलं पाठवली होती," व्हॉसलरबाई म्हणाल्या. "तिने परत पाठवली. दोन मिनिटं राहिलीत, प्रेस्टन. हो म्हण त्यांना."

"बाई..."

"हो म्हण म्हटलं ना!"

प्रेस्टनने मान खाली घालून दोन वाक्यांत सौदा उरकला. मग ऑरिनकडे वळला, रागाने कान लाल झालेले. "त्या पोराचा फोन ठेव आधी. सवानावाल्यांना लाइन मोकळी हवी. आणि त्यांचं नाव काढायचं नाही, कळलं? चिठ्ठी जाईपर्यंत एक अक्षर नाही."

ऑरिनने म्यूट काढलं. पलीकडे चाळीस माणसांचा कलकलाट, कुणीतरी गाणं म्हणत होतं.

"टोबिन."

"हो सर! झालं?"

"फोन ठेव, बाळा."

"म्हणजे?"

"आम्ही खाली सरकलो. तिसरा नंबर आता आमचा नाही. फोन ठेव."

"पण तुम्ही तर... आत्ता तर तुम्ही..." घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद. "कोणाला नको होतो मी? प्रेस्टनना? बाईंना?"

समोर प्रेस्टन ओठांवर बोट ठेवून उभा. समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि न सांगता पोरगा फोन सोडणार नव्हता. त्याची लाइन अडकून पडली होती.

"मला," ऑरिन म्हणाला आणि फोन ठेवला.

खोलीतल्या सगळ्यांनी टीव्हीकडे मान वळवली होती. टीव्हीवरचं चित्र खऱ्यापेक्षा पाव मिनिटभर मागे चालतं. त्यामुळे पडद्यावर टोबिन अजून हसतच होता. फोन कानाला, दुसरा हात आईच्या खांद्यावर, मागे टोपीवाला मामा नाचतोय. इतका सुंदर दिसत होता पोरगा की ऑरिनला वाटलं, चित्र इथेच थांबावं. त्याने काही बोललेलंच नाही असं व्हावं. तो उठून पडद्यासमोर जाऊन उभा राहिला, अगदी जवळ.

टोबिनचे ओठ हलले. हो सर, झालं? मग भुवया जवळ आल्या. आईच्या खांद्यावरचा हात खाली आला. मामाला अजून काही कळलं नव्हतं, तो नाचतच होता. टोबिन भराभर काहीतरी विचारत होता, आणि ऑरिनला पुढचा शब्द ठाऊक होता, आणि तो आता अडवता येत नव्हता.

मग तो शब्द पोहोचला. टोबिनने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं आणि टेबलावर पालथा ठेवून दिला. घरातला गलका हळूहळू थांबत गेला. डार्लाने काहीतरी विचारलं, त्याने मान हलवली. ऑरिन पडद्याला म्हणाला, "उचल रे. वाजेल आता, उचल."

फोन वाजला. टोबिनने हात पुढे केला नाही. तो वाजत राहिला, चाळीस माणसं बघत राहिली, आणि शेवटी आईनेच तो उचलून पोराच्या कानाशी धरला.