पट्ट्याचं माप

बावीस वर्षं बस चालवणाऱ्या ड्रायव्हरला कधी कोणत्या वळणाची भीती वाटली नव्हती; पण डॉक्टरांच्या टेबलावरचं ते करडं यंत्र दिसलं की त्याचं अवसान गळायचं. आज तिसरी आणि शेवटची तपासणी. रक्तदाब एकशे चाळीसच्या आत आला तर डॉक्टर फिटनेसच्या कागदावर सही करणार. नाही आला तर बस हातची जाणार आणि डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसावं लागणार. त्या खोलीचा प्रमुख त्याचा सख्खा मेहुणा होता. "या, या, वाट बघतोय," असा त्याचा फोन रोज यायचा.

"आठ दिवस मीठ कमी केलंय, डॉक्टर," बायकोने सांगितलं. ती शिवणकाम करायची आणि नवऱ्याच्या वतीने बोलायची. दोन्ही कामं तिला बसल्या बसल्या जमत. "सकाळी चालायलाही जातात. कोपऱ्यापर्यंत जातात, तिथे बसतात, परत येतात. पण जातात."

"अगं, गप्प बस ना जरा."

"मी गप्प बसले तर तुम्ही काय सांगणार? 'बरं आहे', एवढंच!"

"दोघंही गप्प बसा," डॉक्टर म्हणाले.

सिस्टरने ड्रायव्हरच्या दंडाला पट्टा गुंडाळला. जुन्या बसचं जड स्टिअरिंग ओढून त्याचे दंड असे झाले होते की पट्ट्याची टोकं एकमेकांना जेमतेम भेटली. यंत्र घरघरलं. पट्टा चर्र चर्र करत सुटायला लागला. सिस्टरने तो दोन्ही हातांनी, ठासून भरलेली बॅग दाबून धरावी तसा धरून ठेवला. आकडा आला : एकशे चौसष्ट.

डॉक्टरांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की बातमी वाईट, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

"गोळी सुरू करू. आणि तोवर बस बंद."

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीपर्यंतची दहा वर्षं मेहुण्याशेजारी!

"थांबा," बायको म्हणाली. "हा पट्टा कुणाच्या मापाचा आहे?"

"म्हणजे काय, वहिनी?"

"यांना बसतच नाहीये तो. माझ्याकडे कुणी इतका तंग शर्ट आणला तर मी शर्टाला नावं ठेवते, माणसाला नाही."

गळ्यातला टेप ती झोपताना तेवढा काढायची. तो तिने नवऱ्याच्या दंडाला लावला. "बेचाळीस सेंटिमीटर. आता पट्ट्यावर काय छापलंय ते वाचा."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. पट्ट्यावर छापलं होतं : सत्तावीस ते चौतीस.

दंडाला पट्टा लहान पडला की आकडा खोटाच वाढतो, हे डॉक्टरांनी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. पाचपैकी पाच मिळाले होते.

"सिस्टर, आपल्याकडे मोठा पट्टा होता ना?"

"आहे की. कपाटात."

"मग वापरत का नाही?"

"खराब होईल ना, डॉक्टर."

मोठ्या पट्ट्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण एकदाचं फोडलं गेलं. ड्रायव्हरला आधी बाथरूमला पाठवलं, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, हात टेबलावर ठेवून पाच मिनिटं बसवलं. कुणी बोलायचं नव्हतं. बायकोने सवयीने दोन टाचण्या ओठांत धरल्या. दुसरा इलाज नव्हता.

एकशे अडतीस. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं तर एकशे छत्तीस.

डॉक्टरांनी सही केली. "पण काठावर आहात हं. मीठ कमीच. आणि कोपऱ्याच्या पुढे चालायचं. महिन्याने या."

त्या घडीला ड्रायव्हर दुसऱ्या गावापर्यंत चालायलाही कबूल झाला असता.

डॉक्टर मात्र खुश दिसेनात. "सिस्टर, आपण कुणाकुणाला गोळ्या दिल्यात, त्यातले जाड दंडाचे कोण? बोलवा सगळ्यांना. गोळ्या मात्र कुणी आपणहून बंद करायच्या नाहीत म्हणावं."

"निरोप काय देऊ? जाडजूड असाल तर या?"

"निम्म्या गल्लीच्या बाह्यांची मापं आहेत माझ्याकडे," म्हणत बायकोने पिशवीतून वही काढली आणि खुर्ची पुढे ओढली. "घ्या लिहून. बेकरीवाले, अडतीस सेंटिमीटर. पण ते लग्नाआधीचं माप आहे, चार वाढवा."

डॉक्टर मुकाट्याने लिहायला लागले. ड्रायव्हरने कागद खिशात घातला, तीन चाळीसची गाडी आपलीच आहे हे कुणालाही न विचारता ठरवलं, आणि बायकोला तिथेच सोडून तो डेपोकडे निघाला. भरभर, चालतच.