चौकटीबाहेरचे डॉक्टर

मेहुण्याला आमच्या ऑफिसात मीच चिकटवला होता. त्याची नोकरी गेली असती तर घरी माझी खैर नव्हती. आणि मालकांनी तर बजावलंच होतं, दातांच्या डॉक्टरांचं काम आज धड बसलं नाही तर त्याने उद्यापासून यायचं नाही.

काम साधं होतं. दवाखान्यात पोरं भोकाड पसरतात, म्हणून भिंतीवरच्या रुंद पडद्यावर दात घासणारा पाणघोडा दाखवायचा. हलतं चित्र मेहुण्याचं, ते पडद्यात बसवायचा प्रोग्राम माझा. आम्ही सुरू केलं आणि मधोमध झुरळाएवढं काहीतरी दात घासू लागलं.

"पाणघोडा कुठाय?" डॉक्टरांनी चष्मा पुसून विचारलं.

मी मापं तपासली. प्रोग्रामच्या हिशेबी चित्र पाणघोड्याच्या कितीतरी पट रुंद होतं. मेहुण्याने आखलेल्या चौकटीबाहेरचा भाग झाकलेला, डोळ्यांना दिसत नव्हता, पण मोजताना धरला जात होता. अख्खं चित्र मावावं म्हणून बिचारा पाणघोडा आक्रसला होता.

"बाहेर काय ठेवलंयस रे?" मी मेहुण्याला विचारलं.

"अडगळ आहे. भाऊजी, झाकण तेवढं काढू नका."

एवढं सांगितल्यावर मी कशाला थांबतोय? काढलं.

पडदाभर डॉक्टरच डॉक्टर. या डॉक्टरांनी पाणघोड्याचे दात पुन्हा पुन्हा बदलायला लावले होते आणि दर दुरुस्तीला मेहुण्याने चौकटीबाहेर एक डॉक्टर रेखाटून राग गिळला होता. कुणी खुर्चीत हातपाय झाडतोय, कुणी नर्सच्या पदराआड लपतोय. गेली नोकरी.

तपासणीच्या खुर्चीत रडणारी एक चिमुरडी पडदा बघून गप्प झाली, मग खदखदून हसायला लागली. डॉक्टरांनी तेवढ्यात आरसा तिच्या तोंडात घालून दाढ तपासूनही टाकली.

"पाणघोडा काढा, हे राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्या मालकांशी मी बोलतो. या मुलाला सोडू नका म्हणावं."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर अजून पडद्याकडेच बघत होते.

"तो टोकाचा, ढेरी सावरत पळणारा. एवढं पोट आहे माझं?"

मेहुण्याने मान खाली घातली. "ते तुम्ही नाही. ते भाऊजी."

मापातून तेवढा एक वगळता येईल, असं मी घाईघाईने सुचवून पाहिलं.

"कशाला?" डॉक्टर म्हणाले. "पडदा चांगला रुंद आहे."